पार्टचं तापमान रेटिंग कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतातले ऑटो स्विच, मोबाइल स्टार्टर, सोलर कंट्रोलर अशी उघड्यावर राबणारी सर्किटं मी बनवतो आणि दुरुस्तही करतो. डिप्लोमाची मुलं, तालुक्याला दुकान असलेले दुरुस्तीवाले आणि महिन्याला शे-दोनशे पेट्या बनवणारे छोटे उद्योजक मला हे प्रश्न सतत पाठवत असतात. एप्रिल-मे आला की फोन वाढतात. तेच प्रश्न इथे क्रमाने ठेवले आहेत. तापमान रेटिंग म्हणजे पार्ट किती थंडी-गरमीत नीट चालेल याची कंपनीने दिलेली मर्यादा. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. डेटाशीटमध्ये (पार्टबरोबर कंपनी देते त्या माहितीच्या कागदात) ‘० ते ७० अंश’ लिहिलेलं असतं. ते नेमकं कशाचं तापमान?

बहुतेक आयसींच्या बाबतीत ते पार्टच्या अगदी लगतच्या हवेचं तापमान असतं. गावाचं नाही, खोलीचं नाही, पेटीबाहेरचंही नाही. बोर्डावर त्या आयसीपासून एक-दोन सेंटीमीटरवर जी हवा आहे, तिचं. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा), मॉसफेट (स्विचसारखा चालणारा), डायोड अशा तापणाऱ्या पार्टना मात्र बरेचदा आतल्या सिलिकॉनचं, म्हणजे जंक्शनचं तापमान दिलेलं असतं. म्हणून आकडा वाचायच्या आधी त्याच्या शेजारचं अक्षर वाचा. टी-ए म्हणजे हवा, टी-जे म्हणजे जंक्शन, टी-सी म्हणजे पार्टचं अंग. टी-ए १२५ असलेला पार्ट दणकट असतो. टी-जे १२५ असलेला पार्ट ६० अंशांच्या हवेतही मर्यादा ओलांडू शकतो. तो हिशेब प्रश्न ५ मध्ये करून दाखवला आहे.

२. कमर्शियल, इंडस्ट्रियल, ऑटोमोटिव्ह, मिलिटरी या ग्रेडमध्ये फरक काय?

रूढ पट्टे असे: कमर्शियल ० ते ७०, इंडस्ट्रियल −४० ते ८५, मिलिटरी −५५ ते १२५. इंडस्ट्रियलमध्येच १०५ किंवा १२५ पर्यंत जाणारे पार्टही मिळतात, त्यांना एक्स्टेंडेड म्हणतात. मोटारगाड्यांसाठी एईसी-क्यू१०० हे मानक आहे. त्यात ग्रेड ३ म्हणजे ८५ पर्यंत, ग्रेड २ म्हणजे १०५, ग्रेड १ म्हणजे १२५ आणि ग्रेड ० म्हणजे १५० पर्यंत. या चारही ग्रेडची खालची बाजू −४० आहे.

ही नावं मात्र कायद्याने बांधलेली नाहीत. एखादी कंपनी −२५ ते ८५ ला इंडस्ट्रियल म्हणते, तर दुसरी −४० पासून मोजते. खरेदीच्या कागदावर ‘इंडस्ट्रियल ग्रेड’ एवढंच लिहू नका, दोन्ही आकडे लिहा.

३. आमच्याकडे पारा ४५ च्या वर क्वचितच जातो. मग ७० चा पार्ट का पुरत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि जळालेल्या बहुतेक बोर्डांचं मूळही इथेच असतं.

हवामान खात्याचा ४५ हा आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. तुमची पेटी उन्हात असते. ती पत्र्याची, करड्या रंगाची आणि बंद असते. वर ऊन, आत ट्रान्सफॉर्मर, कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल आणि रेग्युलेटर. अकोला जिल्ह्यात एका विहिरीवरच्या पेटीत मी मे महिन्यात दुपारी तीन वाजता थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) लावून बसलो होतो. बाहेर बाभळीच्या सावलीत ४४ होतं. पेटीतल्या हवेत ६७, आणि ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर, जिथे उभा बोर्ड बसवला होता, तिथे ७४. पेटीचं दार उघडायला फडकं धरावं लागलं. त्या बोर्डावरचा टायमर ७० पर्यंतचा होता. दुपारी बंद पडायचा आणि संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा. शेतकऱ्याला वाटायचं लाइटचा दोष आहे, दुरुस्तीवाल्याला वाटायचं सोल्डरिंगचा. दोघांनीही पेटी सकाळीच उघडून पाहिली होती.

म्हणून पेटी उन्हात असेल तर सावलीतल्या कमाल तापमानावर किमान २० ते २५ अंश धरून मी पार्ट निवडायला बसतो. विदर्भ-खानदेशासाठी माझा हिशेब ७० पासून सुरू होतो. म्हणजे ७० चा पार्ट पहिल्याच दिवशी मर्यादेवर उभा असतो. कोकणात पारा कमी चढतो, तिथे दमट हवेचा आणि गंजाचा त्रास मोठा. पण तिथेही उन्हातली पेटी ६० ला सहज टेकते.

४. पेटीतलं तापमान मोजायचं कसं? इन्फ्रारेड गन चालेल का?

गन पृष्ठभाग मोजते, हवा नाही. चकचकीत पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर (पार्टची उष्णता हवेत सोडणाऱ्या तुकड्यावर) तर ती बरंच कमी दाखवते. साध्या मल्टिमीटरबरोबर येणारं के-टाइप थर्मोकपल घ्या. त्याचं टोक बोर्डापासून सेंटीमीटरभर हवेत अधांतरी राहील असं कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) बांधा, दार पूर्ण लावा, वायर फटीतून बाहेर काढा आणि दुपारी दोन ते चार मोजा. मोटर चालू असताना मोजा आणि एकदा नुकती बंद झाल्यावरही मोजा. बोर्डावर दोन जागा धरा, एक सगळ्यांत खाली आणि एक सगळ्यांत वर. गरम हवा वर साठते आणि बऱ्याच पेट्यांत बोर्ड नेमका वर असतो.

५. जंक्शन तापमानाचा हिशेब कसा करायचा?

जंक्शनचं तापमान म्हणजे लगतच्या हवेचं तापमान अधिक (पार्टमध्ये जळणारी वॅट × थर्मल रेझिस्टन्स). थर्मल रेझिस्टन्स डेटाशीटमध्ये ‘अंश प्रति वॅट’ असा दिलेला असतो.

सगळ्यांच्या ओळखीचा ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर घेऊ. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करतोय आणि १५० मिलिॲम्पिअर देतोय. त्यात जळतात ७ × ०.१५ म्हणजे १.०५ वॅट. टीओ-२२० अंगाचा (तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला) ७८०५ हीटसिंकशिवाय उभा असेल तर जंक्शन ते हवा थर्मल रेझिस्टन्स साधारण ६५ अंश प्रति वॅट. म्हणजे हवेपेक्षा ६८ अंश वर. टेबलावर २८ अंशांत हे होतात ९६, काही तक्रार नाही. पेटीतल्या ६५ अंशांत होतात १३३. बहुतेक ७८०५ ची मर्यादा १२५ आहे. पार्ट लगेच जळत नाही, पण सर्किट मर्यादेबाहेर चालू राहतं. थोडा करंट वाढला की आतलं संरक्षण ५ व्होल्ट पाडतं आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो.

२० अंश प्रति वॅटचा छोटा हीटसिंक लावला, तर जंक्शन ते केसचे ५ धरून एकूण २५ होतात. मग वाढ फक्त २६ अंशांची आणि जंक्शन ९१ वर. बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावला तर त्याहून बरं. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तरी जेमतेम ०.१३ वॅट जळते, आणि पेटीच कमी तापते. त्याचा फायदा शेजारच्या प्रत्येक पार्टला होतो.

एक सावधगिरी. एसएमडी पार्टसाठी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या पार्टसाठी) डेटाशीटमधला थर्मल रेझिस्टन्स प्रमाणित टेस्ट बोर्डावर मोजलेला असतो. तुमच्या बोर्डावर तांबं त्याहून कमी असेल, तर खरा आकडा वाढतो.

६. एकाच डेटाशीटमध्ये तीन-चार तापमानं दिसतात. कुठलं धरू?

‘ऑपरेटिंग’ लिहिलेलं. ‘स्टोरेज’ तापमान फक्त वीज नसताना, गोदामात पडून असतानाचं असतं. त्यात −६५ ते १५० दिसलं म्हणून खूश होऊ नका. सोल्डरिंगचे २६० अंश काही सेकंदांपुरते असतात. आणि ‘ॲब्सोल्यूट मॅक्सिमम’ ही पार्ट कायमचा बिघडण्याची रेषा आहे, काम करण्याची नव्हे. त्या रेषेपर्यंत पार्ट जिवंत राहील, पण तो अचूक चालेल असं कुणीही लिहून दिलेलं नाही.

७. पार्ट नंबर पाहून ग्रेड ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो, पण प्रत्येक घराण्याची रीत निराळी.

एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारा आयसी) ० ते ७०, त्याचाच भाऊ एलएम२५८ −२५ ते ८५ आणि एलएम१५८ −५५ ते १२५. एलएम३२४, २२४, १२४ यांचंही तसंच. टायमरमध्ये एनई५५५ ० ते ७०, एसए५५५ −४० ते ८५, एसई५५५ −५५ ते १२५. जुन्या लॉजिक आयसींमध्ये ७४ ने सुरू होणारे साधे आणि ५४ ने सुरू होणारे मिलिटरी. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये नंबरातला शेवटचा आकडा पाहायचा: सी८टी६ मधला ६ म्हणजे ८५ पर्यंत, ७ असेल तर १०५. डीएस३२३१ या घड्याळाच्या आयसीत नुसता एस म्हणजे ० ते ७०, एसएन म्हणजे −४० ते ८५. एका अक्षराचा फरक आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काउंटरवर नुसतं ‘३२३१ द्या’ म्हणालात, तर जे हाताशी असेल ते मिळणार.

शिवाय एकाच नंबरचा पार्ट वेगवेगळ्या कंपन्यांचा असेल तर रेटिंगही वेगळं असू शकतं. रिले चालवणारा यूएलएन२००३ एका कंपनीचा ७० पर्यंतच आहे, दुसरीचा त्याहून वर जातो. म्हणून डेटाशीट नंबराची नव्हे, नंबर आणि कंपनी दोन्हींची उघडा.

८. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ चा घ्यायचा की १०५ चा?

उघड्यावरच्या पेटीत १०५ चाच. इथे वाद घालू नका.

कपॅसिटरचं रेटिंग आयसीपेक्षा वेगळ्या जातीचं असतं. त्यात तापमानाबरोबर तासही असतात. ‘८५ अंश, २००० तास’ याचा अर्थ ८५ अंशांत सतत ठेवला तर २००० तासांनी तो कंपनीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणजे तिसऱ्या महिन्यातच. आत द्रव असतो आणि तो रबराच्या बुचातून हळूहळू उडत राहतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं.

आता ६५ अंशांच्या पेटीत मांडून पाहू. ८५ चा, २००० तासांचा कपॅसिटर: २० अंश खाली, म्हणून चौपट, ८००० तास. सतत चालवला तर अकरा महिने. १०५ चा, २००० तासांचा: ४० अंश खाली, म्हणून सोळापट, ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. १०५ चा, ५००० तासांचा: ८०,००० तास, नऊ वर्षं. पेटी रात्री थंड होते आणि वर्षभर मे नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात सगळेच यापेक्षा जास्त टिकतात. पण तिघांमधलं प्रमाण तेच राहतं. किमतीतला फरक एका चहाचाही नाही.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. एका पुरवठादाराने १०५ सांगून ८५ चे पाठवले. माल घाईचा होता आणि मी पाकीट उघडून स्लीव्हवरचा आकडा वाचला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पेट्या परत येऊ लागल्या. डोकं टम्म फुगलेलं, फुलीच्या खाचेतून तपकिरी डाग बाहेर आलेला. गव्हाला शेवटचं पाणी द्यायच्या दिवसांत पंप बंद राहिलेली माणसं माझ्यासमोर उभी होती. तेव्हापासून प्रत्येक पाकिटातला एक कपॅसिटर मी स्वतः वाचतो.

हीटसिंकला, ट्रान्सफॉर्मरला किंवा सिमेंटच्या रेझिस्टरला खेटून कपॅसिटर लावू नका. एवढ्यानेच १० अंश वाचले तर आयुष्य दुप्पट झालं.

९. सिरॅमिक कपॅसिटर तर सुकत नाहीत. त्यांत काय बघायचं?

तीन अक्षरं. एक्स७आर −५५ ते १२५ मध्ये १५ टक्क्यांच्या आत राहतो. एक्स५आर तेवढाच, पण ८५ पर्यंतच. वाय५व्ही स्वस्त असतो, पण तापमानाच्या पट्ट्याच्या टोकाला त्याची कपॅसिटन्स तब्बल ८२ टक्क्यांनी घटू शकते. १० मायक्रोफॅरड म्हणून लावलेला पार्ट नेमका गरमीत २ सुद्धा भरत नाही आणि रेग्युलेटर हेलकावे खायला लागतो. क्रिस्टलजवळ (सर्किटला ठोका देणाऱ्या पार्टजवळ) आणि टायमिंगला सी०जी म्हणजेच एनपी०. बाकी सगळीकडे एक्स७आर घ्या आणि निश्चिंत राहा.

१०. रेझिस्टर आणि मॉसफेटचं रेटिंग १५० च्या पुढे असतं. तिथे तरी डोळे मिटून चालेल ना?

नाही, कारण तिथे तापमान वाढलं की ताकद घटते. साधा चिप रेझिस्टर पूर्ण वॅटेज ७० अंशांपर्यंतच देतो. तिथून रेषा उतरत जाते आणि १५५ ला शून्यावर येते. १०० अंशांत पाव वॅटचा रेझिस्टर ०.१६ वॅटचाच उरतो. मॉसफेटच्या नावापुढचे ॲम्पिअर २५ अंशांच्या केसचे असतात. आयआरएफझेड४४एन २५ ला ४९ ॲम्पिअरचा, १०० ला ३५ चा. त्यात गरम झाला की त्याचा चालू स्थितीतला रोध वाढतो, म्हणून तो आणखी तापतो. तक्त्यातला पहिला आकडा सोडा, खालचा आलेख बघा.

११. दुपारी रिले नुसता थरथरतो, चिकटत नाही. रिले तर ८५ पर्यंतचा आहे!

रिले खराब नाही, कॉइलचं तांबं गरम झालंय. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांत ४०० ओहमची १२ व्होल्टची कॉइल ६५ अंशांत ४७० ओहमची होते. कॉइलला ओढायला लागणारा करंट तोच, म्हणून व्होल्टेज जास्त लागतं. जो रिले २० अंशांत ९ व्होल्टला हमखास ओढतो, त्याला आता साडेदहाच्या पुढे हवेत.

आता गावातलं व्होल्टेज यात मिळवा. ट्रान्सफॉर्मरवरून थेट, रेग्युलेटर न लावता १२ व्होल्ट घेतले असतील, आणि लाइन २३० ऐवजी १८० असेल, तर तुमचे १२ उरतात ९.४. थंडीत पहाटे चालतं, मे महिन्यात दुपारी अडतं. उपाय रिले बदलण्याचा नाही, १८० लाही पूर्ण १२ व्होल्ट मिळतील अशी सप्लाय करण्याचा आहे.

१२. डिस्प्ले, सेल आणि घड्याळ यांच्यासाठी वेगळं काही?

हो, बोर्डावर सगळ्यांत नाजूक तेच असतात. १६ बाय २ चा साधा एलसीडी बहुधा ० ते ५० पर्यंतचा असतो. उन्हात तो काळा पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा दिसू लागतो. ‘वाइड टेंपरेचर’चा मागा, तो साधारण −२० ते ७०. तेही पुरत नसेल तर एलईडी सेव्हन सेगमेंट लावा.

लिथियम-आयन सेल ४५ च्या वर चार्ज करू नये. उन्हातल्या पेटीत तो मी ठेवतच नाही. बहुतेक सीआर२०३२ बटण सेल ६० किंवा ७० पर्यंतचे असतात. जास्त लागत असेल तर बीआर जातीचे, जास्त तापमानाचे सेल मिळतात.

३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेला की दोन्हीकडे मागे पडतो. ६५ अंशांत हा फरक दिवसाला सुमारे पावणेपाच सेकंदांचा. पंपाच्या टायमरला त्याने बिघडत नाही. नोंदी ठेवणाऱ्या मीटरला बिघडतं, तिथे डीएस३२३१ एसएन लावा (अक्षरासाठी प्रश्न ७).

१३. जीएसएम (मोबाइल नेटवर्कचं) किंवा वाय-फाय मॉड्यूल ८५ पर्यंतचं असूनही गरमीत हँग होतं. का?

मॉड्यूलआधी त्याची सप्लाय तपासा. जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत ओढतं. गरमीत दमलेला कपॅसिटर (प्रश्न ८) आणि तापलेला रेग्युलेटर (प्रश्न ५) तो झटका पेलत नाहीत. नेटवर्क कमजोर असेल तर मॉड्यूल जास्त जोराने पाठवतं, म्हणजे आणखी तापतं. अँटेना पेटीबाहेर, उंच काढा. सिम कार्डही तपासा. मशिनसाठीचं सिम १०५ अंशांपर्यंत चालणारं मिळतं, फोनचं साधं तेवढं नसतं.

१४. कमर्शियल पार्ट मी ओव्हनमध्ये ८५ ला दोन दिवस चालवला, व्यवस्थित चालला. आता वापरू?

तुम्ही तपासलेला तो एक पार्ट व्यवस्थित होता. पुढच्या खेपेत आतली सिलिकॉनची चकती बदललेली असू शकते आणि कंपनी ते कळवायला बांधील नाही, कारण ७० च्या वरचं आश्वासन तिने दिलेलंच नाही. पुष्कळदा दोन्ही ग्रेडच्या आत चकती तीच असते, फरक फक्त तपासणीचा. पण तुम्ही पैसे त्या तपासणीचेच देता. घरच्या प्रयोगाला खुशाल वापरा. दुसऱ्याच्या विहिरीवर जाणाऱ्या पेटीत नको.

१५. मग सगळा बोर्ड १२५ च्या पार्टचा करू का?

गरज नाही. बोर्डाची मर्यादा म्हणजे त्यातल्या सगळ्यांत कमजोर पार्टची मर्यादा. १२५ चा मायक्रोकंट्रोलर लावून शेजारी ५० चा एलसीडी ठेवला तर पैसे वाया. वहीत प्रत्येक पार्टसमोर त्याची मर्यादा आणि त्याच्या जागी मोजलेलं तापमान लिहा. ज्याच्यात १५ अंशांपेक्षा कमी अंतर उरतं तो बदला किंवा हलवा. बाकीच्यांना हात लावू नका.

१६. माल लडाखला जायचाय. थंडीत तर इलेक्ट्रॉनिक्स चांगलंच चालतं ना?

सिलिकॉनला थंडी मानवते, बाकीच्यांना नाही. इलेक्ट्रोलिटिकमधला द्रव घट्ट होतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि सप्लाय सुरूच होत नाही. एलसीडीची अक्षरं रेंगाळतात. लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज केला तर आत धातूचा थर साचून तो कायमचा बिघडतो. कमर्शियल पार्ट तर शून्यालाच थांबतो, आणि लेहला हिवाळ्यात शून्य म्हणजे दुपार. तिथे −४० पासूनचेच पार्ट घ्या. सकाळी ऊन लागल्यावर बोर्डावर दव धरतं, म्हणून लॅकर मारा.

१७. पार्टवर १२५ चा नंबर छापलाय, पण तो खराच आहे हे कसं कळेल?

घासून नवा नंबर छापलेले पार्ट बाजारात येतात, आणि महाग ग्रेडवर हे जास्त होतं. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून अंगावर फिरवा. काळा रंग उतरला किंवा खाली दुसरी अक्षरं दिसली तर माल परत करा. एक नंबरच्या पिनची गोल खूण भरल्यासारखी दिसते का, कडा घासलेल्या आहेत का, हे भिंगातून पाहा. लेसरने छापलेल्यावर ॲसिटोन काही सांगत नाही. तिथे अधिकृत वितरकाचं बिल हाच भरवसा.

१८. जुनी पेटी आहे, सगळं बदलायला पैसे नाहीत. आधी काय करू?

आधी सावली. पेटीच्या वर चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा ठोका, बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्या, पेटी खांबाच्या उत्तरेकडे फिरवा. त्या अकोल्याच्या पेटीत एवढ्याने ६७ चे ५६ झाले. वर भोकं पाडू नका, पहिल्या पावसात पाणी आत येतं. हवा हवीच असेल तर खालून जाळी लावा, नाहीतर पाली आणि मुंग्या घर करतात. मग सप्लायचे कपॅसिटर १०५ चे टाका, ७८०५ ला हीटसिंक द्या आणि बोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या वरून काढून खाली, बाजूला बसवा. एवढं एका सकाळचं काम आहे. नव्या कपॅसिटरच्या शेजारी बोर्डावर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवा, पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला त्याचं वय कळेल.